खांब, झाकण, पायरी

रस्त्यावर पांढरे पट्टे मारण्यात माझी एकतीस वर्षं गेली. लोकांना वाटतं त्यात काय, ब्रश घेतला आणि ओढला. ब्रश आम्ही शेवटचा कधी हातात धरला तेही मला आठवत नाही. रंगाची पूड भट्टीत वितळवायची, दाट पाकासारखी झाली की गाड्यातून रस्त्यावर सोडायची, आणि गरम असतानाच तिच्यावर काचेचे बारीक मणी पेरायचे, म्हणजे गाडीच्या दिव्यात पट्टा चमकतो. त्याआधी खडूची दोरी ताणून आखणी. ते काम मी कोणाला करू देत नाही. खात्यात मला दोरीमास्तर म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणतात, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

घरात मात्र मी बारक्या. छप्पन्न वर्षांचा झालो, पण माझ्या थोरल्या बहिणीच्या लेखी मी अजून तिच्या मागे मागे फिरणारा शेंबडा पोरगाच. ताई सहा वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. तिला त्याबद्दल कोणी कीव दाखवलेली खपत नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही, ही तिची रीत. आमच्या घरासमोरच्या मोठ्या रस्त्यापलीकडे हॉस्पिटल आहे, तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती छत्तीस वर्षं कामाला होती. साडेतीनशे नंबर तोंडपाठ. डॉक्टर नुसते खाकरले तरी कोण ते ओळखायची.

आणि छत्तीस वर्षं ती कामावर एकटी गेली. काठी घेऊन, पावणेआठला, पावसापाण्यात, तापातसुद्धा. कोणी दंडाला हात लावला तर थांबून म्हणायची, "तुम्हाला पलीकडे जायचंय का? मग धरा माझा हात." समोरचा वरमून हात काढून घ्यायचा. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "वन्सं, मी सोडू का पलीकडे?" तिलाही हेच उत्तर मिळालं. तिने पुन्हा विचारलं नाही. ताईकडे दागिने नव्हते, संसार नव्हता. तिच्याकडे तो रस्ता होता.

मला त्या रस्त्याचा वेगळाच गर्व होता. तिथलं झेब्रा क्रॉसिंग मी मारलेलं. दर दोन वर्षांनी, पट्टे जरा पुसट झाले की मी कोणाच्या तरी मागे लागून ते सगळ्यांआधी नव्याने मारून घ्यायचो. मी पहाटे कामावर निघायचो, त्यामुळे तिला जाताना फारसं पाहिलेलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर ती बरोबर पट्ट्यांवरून चाललेली दिसायची. माझी छाती फुगायची. माझ्या हाताखालच्या माणसांना मी कितीदा सांगितलंय, नीट मारा रे, माझी बहीण यावरून चालते. कोणी विचारलं नाही की तिला पट्टे दिसतात कुठे. मीही स्वतःला विचारलं नाही. इतकी वर्षं एखादी गोष्ट मनात बसली की ती तपासून पाहायचं सुचत नाही.

दीड वर्षापूर्वी नवे नियम आले. शहरातलं प्रत्येक क्रॉसिंग आता सगळ्यांना वापरता आलं पाहिजे: चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, म्हाताऱ्यांना, आंधळ्यांना. आमच्या इंजिनिअर बाईंनी सगळ्या मुकादमांना बसवून दोन दिवस शिकवलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला वाघ. फूटपाथची कड कापून रस्त्याला सपाट भिडणारा उतार करायचा. उताराच्या तोंडाशी ठिपक्यांच्या पिवळ्या फरशा बसवायच्या, म्हणजे पायाला उंचवटे लागले की आंधळ्या माणसाने समजायचं, पुढे रस्ता आहे, थांबा. खांब, पेट्या, पाट्या, वाटेत असेल ते सगळं हटवायचं. सिग्नलला आवाज: सावकाश टिक टिक म्हणजे थांबा, भरभर टिक टिक म्हणजे चला. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच कोपरा होता. बैठक संपल्यावर मी बाईंना गाठलं आणि म्हणालो, पहिलं क्रॉसिंग आमच्या हॉस्पिटलसमोरचं करा, मी जातीने उभा राहून करतो.

काम निघालं तेव्हा ताई घरी नव्हती. माझ्या मुलीला परगावी बाळ झालं होतं, म्हणून बायको आणि ताई दोघी तिकडे गेल्या होत्या. ताईने पंधरा दिवसांची रजा काढली होती. रोज फोनवर सांगायची, बाळाला न्हाऊ आज मी घातलं, तुझी बायको नुसती साबण शोधत होती. मी तिच्याजवळ कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. येईल तेव्हा पाहील, असं मनाशी म्हणायचो. पाहील हाच शब्द माझ्या डोक्यात होता, खोटं कशाला सांगू.

असं काम मी आयुष्यात केलेलं नाही. जुने पट्टे खरवडून काढले. फूटपाथची कड वीतभर उंच होती, ती कापून उतार केला आणि पाणसळ लावून तीन तीनदा तपासला. आमच्या फाटकापासून थोड्या अंतरावर फूटपाथच्या मधोमध तारा कधीच काढून नेलेला एक जुना टेलिफोनचा खांब वाकून उभा होता, तो मुळासकट उपटला. त्याच्यापुढे गटाराचं एक लोखंडी झाकण होतं, पाय पडला की खडाक करून वाजणारं. कित्येक वर्षांच्या तक्रारी होत्या त्याच्या. ते नवीन चौकटीत घट्ट बसवलं. ठिपक्यांच्या फरशा मी गुडघ्यावर बसून स्वतः चिकटवल्या. शेवटी दोरी ताणली आणि पट्टे मारले. हॉस्पिटलच्या दारातला वॉचमन म्हणाला, "मास्तर, पाय ठेवायला मन होत नाही."

काम झालं की तपासणीचा फॉर्म भरायचा असतो. बेचाळीस रकाने. उताराचं माप, फरशांचं अंतर, पट्ट्यांची रुंदी, सिग्नलचा आवाज. मी एकेक मोजून लिहीत गेलो. सतराव्या रकान्यात लिहिलं होतं: अंध व्यक्तीला जागेवर नेऊन, नवी रचना समजावून देऊन तिचे मत घेतले आहे काय? नाव, तारीख, सही.

मी ताईचं नाव लिहिलं. दुसऱ्या कोणाचं लिहिणार? पन्नास वर्षं एका घरात राहिलेला माणूस मी, आंधळ्यांना काय हवं ते मला कोणी शिकवायचं? आणि सहीचं म्हणाल तर आमच्या घरात ताईची सही मीच करत आलो. शाळेत होतो तेव्हापासून. तिचा नोकरीचा अर्ज, बँकेचे कागद, मतदारयादीचा फॉर्म. ती म्हणायची, "कर रे बारक्या," आणि मी तिच्या नावाखाली तिच्या वळणाची सही करायचो, ते वळणही मीच बसवलेलं. माझा हात आपसूक गेला. ती तिकडे परगावी बाळाला न्हाऊ घालत होती, आणि मी इकडे त्या दिवसाची तारीख घालून तिची सही केली. खोटेपणा करतोय असं मला क्षणभरही वाटलं नाही.

रविवारी संध्याकाळी ताई परतली. बायको आणखी महिनाभर तिकडेच राहणार होती. मी ताईला स्टेशनवरून रिक्षाने आणलं, रिक्षा मागच्या गल्लीतून आली. जेवताना सगळं बाळाचंच चाललं होतं. कान आपल्या आईसारखे आहेत म्हणाली, बोटांनी पाहिलेत. मी मध्येच म्हणालो, "उद्या तुझ्यासाठी एक गंमत आहे."

"तुझ्या गमती मला माहीत आहेत," ती म्हणाली. "मागच्या वेळी गंमत म्हणून मिठाची बरणी बदलली होतीस."

मी हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की बारक्या, हे तू केलंस? चांगलं काम केलं की शाबासकी हवी असते माणसाला, छप्पन्नाव्या वर्षीसुद्धा. मी गप्प राहिलो आणि खुशीत झोपलो.

सोमवारी सव्वाआठला मी दुसऱ्या चौकात भट्टी पेटवत होतो, तेव्हा फोन आला. हॉस्पिटलमधूनच. रस्त्याच्या मध्यावर दुधाच्या टेम्पोने तिला उडवलं होतं. टेम्पोला सिग्नल हिरवा होता. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दोन दिवसांनी ती नीट बोलायला लागली. मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. मी म्हणालो, "ताई, अगं तू पट्ट्यांवरून नाही का चालत गेलीस? सगळं नवीन केलं होतं मी."

"पट्टे?" ती म्हणाली. "पट्टे कुठे असतात ते मला कसं कळणार रे?"

मग तिने सांगितलं, आणि ते सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, एखाद्याला पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं. फाटकातून निघालं की वाकडा खांब लागायचा, त्याला ती काठी टेकवायची. खांबापासून चार पावलांवर झाकण, ते खडाक वाजायचं. झाकणानंतर दोन पावलांवर उंच पायरी, म्हणजे फूटपाथची कड. तिथे थांबायचं, गाड्यांचा आवाज तुटेपर्यंत ऐकायचं, आणि सरळ पलीकडे जायचं. छत्तीस वर्षं एवढंच. खांब, झाकण, पायरी.

"सोमवारी खांबच लागेना," ती म्हणाली. "मला वाटलं, पंधरा दिवसांत माझीच चाल बिघडली. हळूहळू पुढे गेले. पायाखाली खडबडीत लागलं, म्हटलं कोणीतरी खडी सांडलीय, बांधकाम असेल, म्हणून ओलांडून पुढे झाले. एक ट्रक जवळपास उभा असावा असं वाटलं, त्याचा इंडिकेटर टिक टिक करत होता. मी अजून खांबच शोधत होते रे. आणि एकदम चहूबाजूंनी हॉर्न."

खडी म्हणजे माझ्या ठिपक्यांच्या फरशा. इंडिकेटर म्हणजे माझा सिग्नल. मी तिच्याकडे बघू शकलो नाही, आणि तिला ते कळलं असणारच, कारण तिने हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि दाबलं. मी तिथेच रडलो. शेजारच्या खाटेवरच्या बाई तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करत राहिल्या.

बायको धावत परत आली. सगळं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात मला एकच प्रश्न विचारला, "वन्संना विचारलं होतं का तुम्ही, काम करण्याआधी?" मी तिच्यावर खेकसलो. खरं बोलणाऱ्यावर ओरडायची माझी जुनी खोड आहे.

शहरातलं पहिलं नवं क्रॉसिंग आणि तिसऱ्या दिवशी तिथेच आंधळी बाई टेम्पोखाली. वर्तमानपत्रात आलं. खात्याने चौकशी लावली. इंजिनिअर बाईंनी मला बोलावून फाईल समोर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "मास्तर, सतरावा रकाना भरलेला आहे म्हणून आपण वाचू. तुमच्या बहिणीला दाखवलं होतंत ना तुम्ही?" मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते त्यांनी विचारलं नाही.

मी ठरवलं होतं की चौकशीच्या दिवशी खरं सांगायचं. सही खोटी म्हटलं की नोकरी जाणार, पेन्शन जाणार, बाईंवरही बालंट येणार, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी ठरवलं होतं. बायकोलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "सांगा. आपण काढू दिवस."

चौकशी अधिकारी ताईचा जबाब घ्यायला वॉर्डातच आले. सोबत इंजिनिअर बाई होत्या, मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. अधिकारी सभ्य माणूस होता, आवाज चढवत नव्हता. त्याने अपघाताचं सगळं विचारून घेतलं. मग फाईल उघडली आणि सतरावा रकाना मोठ्याने वाचून दाखवला. तिचं नाव वाचलं. तारीख वाचली. म्हणाला, "या दिवशी तुम्हाला जागेवर नेऊन नवी रचना समजावली होती, अशी इथे नोंद आहे. खाली तुमची सही आहे. बरोबर आहे का?"

ताईने हे सगळं तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. तिचा चेहरा मी पन्नास वर्षं पाहतोय. आधी तिला कळलं नाही, मग कळलं. तारखेशी ती थोडी थांबली. त्या दिवशी ती कुठे होती हे तिच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार? मी घसा खाकरला आणि म्हणालो, "साहेब, मला जरा..."

"बारक्या, मध्ये बोलू नकोस," ताई म्हणाली. लहानपणी म्हणायची तसंच. मग अधिकाऱ्याला म्हणाली, "कागद द्या इकडे."

त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने त्यावरून बोट फिरवलं. शाईची सही बोटाला काय लागणार? पण तिने वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं, वाचल्यासारखं.

"माझीच आहे," ती म्हणाली. "भावाने सगळं दाखवलं होतं. फरशा, उतार, सिग्नल. मीच विसरले. माझं लक्ष नव्हतं."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी खाटेची दांडी धरून उभा राहिलो, तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं. ती एकदा बोलून गेल्यावर तिला खोटं पाडायचं कसं, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं. आज वाटतं, मला तेवढंच निमित्त हवं होतं.

ते गेल्यावर मी म्हणालो, "ताई, का केलंस असं?"

"माझी सही तूच करतोस ना," ती म्हणाली. "मग माझीच झाली." मग भिंतीकडे तोंड वळवून म्हणाली, "फक्त एकदा विचारायचं होतंस रे. मी म्हटलं असतं, बाकी काय हवं ते कर, खांब तेवढा ठेव."

चौकशीचा अहवाल दीड महिन्याने आला. काम नियमाप्रमाणे झालेले आहे. संबंधित व्यक्तीस नव्या रचनेची पूर्ण कल्पना होती. अपघात तिच्या स्वतःच्या दुर्लक्षामुळे घडला. एक प्रत हॉस्पिटलला गेली. हॉस्पिटलने ताईला परत घेतलं, निवृत्तीला चौदा महिने राहिले होते तिच्या. पण पत्रात एक अट घातली: सदर कर्मचाऱ्यासोबत रस्ता ओलांडताना एक व्यक्ती असणे आवश्यक. पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तिने ते घडी घालून मागितलं, उशीखाली ठेवलं आणि मला म्हणाली, "तुला सकाळची पाळी बदलून घ्यावी लागेल."

पाळी मी बदलून घेतली. वॉकर सुटून पुन्हा काठी आल्यावर एका रविवारी मी तिला क्रॉसिंगवर नेलं आणि सगळं शिकवलं. ठिपके पायाला लागले की थांब. सावकाश टिक टिक, भरभर टिक टिक. तिला पहिल्या खेपेतच समजलं. हुशार बाई ती, साडेतीनशे नंबर पाठ असणारी. एकटीने जाऊ शकली असती. पण आता ती तशी गेली तर अट मोडली म्हणून नोकरीतून काढतील, आणि अट काढा म्हणायचीही सोय नाही, कारण मी सगळं आधीच समजावलं होतं असं कागदावर आहे. ती म्हणाली, "छान केलंयस रे बारक्या." ज्या शब्दांसाठी मी गप्प राहिलो होतो ते शब्द मला मिळाले.

कामावर रुजू व्हायच्या दिवशी फाटकाबाहेर येऊन ती उभी राहिली. मी वाट पाहत होतो. तिने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझा दंड धरला. हलका हात होता, तरी मला तो पलीकडे पोचेपर्यंत पेलवेना. पांढऱ्या पट्ट्यांवरून, माझ्याच, आम्ही दोघे चालत गेलो. गाड्या थांबल्या होत्या. कोणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती काळजी घेतो भाऊ.

एक्स्चेंजच्या खोलीत सगळ्या जमल्या होत्या. तिची खुर्ची पुसून ठेवली होती. जुन्या मेट्रन आल्या, त्यांनी ताईला जवळ घेतलं आणि प्रेमाने रागावल्या, "छत्तीस वर्षं खाचखळग्यांतून एकटी आलीस. आणि भावाने एवढं सगळं सोयीचं करून दिलं, समजावून सांगितलं, तेव्हा कशी गं चुकलीस?"

ताई हसली. छत्तीस वर्षांत तिच्या चालण्याबद्दल कोणी तिला असं विचारलं नव्हतं.

"वय झालं," ती म्हणाली. "आता नाही जमत एकटीला."

मी दारात उभा होतो, तिची डब्याची पिशवी हातात घेऊन. मेट्रननी माझ्याकडे पाहून मान डोलावली, चांगल्या माणसाकडे पाहून डोलावतात तशी. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि कामावर गेलो.